जुगाराच्या व्यसनावरील संक्षिप्त समुपदेशन

जुगारामुळे पैसा, रोजगार व कुटुंब यांची हानी होऊ लागलेल्या व्यक्तीशी, तिला दोष न देता, सामान्यतः एक ते चार बैठकांत ठरावीक उद्दिष्टाने साधलेल्या उपचारात्मक संवादास ‘संक्षिप्त समुपदेशन’ म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगारविकाराचा समावेश व्यसनविकारांत केला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही तो व्यसनाधीन वर्तनांत मोडतो. मद्यपानासाठी विकसित झालेल्या पद्धती मात्र त्याआधीपासूनच जुगारासाठीही वापरल्या जात होत्या.

या पद्धतींचा पाया विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला व पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विस्तारलेला प्रेरक संवाद हा आहे. त्यात समुपदेशक उपदेश करीत नाही, तर जुगाराचे आकर्षण आणि त्याचे तोटे यांविषयीची व्यक्तीची द्विधा तिच्याच तोंडून वदवून घेऊन बदलाची कारणे तिलाच मांडू देतो. कॅनडातील डेव्हिड हॉजिन्स यांच्या २००१ मधील अभ्यासात फोनवरील एक प्रेरक संवाद व स्वमदत-पुस्तिका मिळालेल्यांना नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा सहा महिन्यांपर्यंत अधिक लाभ झाला. नॅन्सी पेट्री यांच्या २००८ मधील अभ्यासात तर केवळ दहा मिनिटांच्या सल्ल्यानेही पहिल्या सहा आठवड्यांत जुगार घटल्याचे दिसले.

समुपदेशनाचा आशय स्थानिक जुगारानुसार ठरतो. महाराष्ट्रात १९६०च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटका या आकड्यांच्या जुगारात दोन अंकी ‘जोडी’चे शंभर पर्याय असतात, पण जोडी लागल्यास सामान्यतः नव्वदपटच रक्कम मिळते. म्हणजे दीर्घकाळात लावलेल्या प्रत्येक रुपयातील सुमारे दहा पैसे निश्चितपणे जातात. आधीच्या निकालांचे तक्ते पाहून पुढचा आकडा ‘काढता’ येतो हा समज, तसेच गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा आकडा लावण्याची ओढ, या दोहोंवर हा हिशेब नेमके बोट ठेवतो. त्यानंतर पगाराच्या दिवशी रोख रक्कम घरच्यांकडे सोपवणे, उसनवारी थांबवणे, मोबाइलवरील खेळांची खाती बंद करणे असे मोजके उपाय व्यक्तीच्या संमतीने ठरवले जातात.

मनोविकारतज्ज्ञांची संख्या मर्यादित असलेल्या भागात या पद्धतीचे महत्त्व वाढते. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून हानिकारक मद्यपानावर चारपर्यंत बैठकांचे समुपदेशन करवून घेतले आणि त्याची उपयुक्तता २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली; जुगारासाठी हा निकट आदर्श ठरतो. महाराष्ट्रात, उदाहरणार्थ, प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरी शहरात असले, तरी मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातून दर आठवड्याला तेथे जाणे अनेकांना परवडत नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणचे किंवा फोनवरील समुपदेशन विशेष सोयीचे ठरते. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

तथापि ही पद्धत मुख्यतः सौम्य व मध्यम समस्येसाठी आहे. आत्महत्येचे विचार, तीव्र नैराश्य, जोडीला दारूचे व्यसन किंवा सावकारी कर्जाचा विळखा असल्यास पहिल्याच बैठकीत व्यक्तीला तज्ज्ञांकडे पाठवणे, तसेच कुटुंबाला कर्जनिवारण व कायदेशीर साहाय्याशी जोडून देणे, हेही संक्षिप्त समुपदेशनाचे कार्य मानले जाते.