पिंपरीचे हॅमायसिन

पेनिसिलिनने रोगजंतूंविरुद्धच्या लढ्याचे पारडे फिरविले, हे सर्वश्रुत आहे; परंतु या विजयामागोमाग एक नवा उपद्रवही आला. मानवी शरीरात जंतू आणि बुरशी एकमेकांना धाकात ठेवून नांदत असतात. प्रतिजैविकांनी जंतूंचा संहार केला, की बुरशीला रान मोकळे मिळते. तोंडात पांढरा थर धरतो. रोगी फारच अशक्त असेल, तर बुरशी रक्तापर्यंतही पोहोचते. तिच्यावर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही.

या नव्या शत्रूवरचे एक औषध पेनिसिलिनच्याच कारखान्यात सापडावे, हा विलक्षण योग होय. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स’ची स्थापना केली आणि 1955 मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशी औषध स्वदेशात बनावे, हा मूळ हेतू. पण तेथील कवकशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी तेवढ्यावर संतुष्ट नव्हते. मातीतील सूक्ष्मजीव पारखता पारखता त्यांना एक नवी जाती आढळली. गावावरून तिचे नाव पडले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना’. तिच्यापासून मिळालेले बुरशीनाशक द्रव्य 1961 मध्ये जगापुढे आले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून जसे ‘निस्टॅटिन’, तसे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सच्या आद्याक्षरांवरून हे ‘हॅमायसिन’!

काचपात्रात हॅमायसिनचा प्रभाव उत्तम दिसला. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याला हे द्रव्य चिकटते, आवरणास छिद्रे पडतात आणि पेशीतील सत्त्व बाहेर झिरपून ती मरते. परंतु काचपात्र म्हणजे मानवी देह नव्हे. हॅमायसिन पाण्यात विरघळेना. पोटात घेतले तर आतड्यातून रक्तात पुरेसे उतरेना. शिवाय बुरशीची पेशी जंतूपेक्षा माणसाच्या पेशीला अधिक जवळची. आपल्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचेच भावंड. तेव्हा शत्रूवर उगारलेले शस्त्र स्वकीयांनाही लागण्याचे भय होते. अमेरिकेतही खोलवर रुजलेल्या बुरशीरोगांच्या रोग्यांवर त्याचे प्रयोग झाले. पण त्या रोगांत मुख्य स्थान मिळाले ते शिरेवाटे देण्याच्या अँफोटेरिसिन-बी या औषधाला. हॅमायसिनचे कार्यक्षेत्र तोंड, त्वचा व योनिमार्ग येथील विकारांपुरते मर्यादित राहिले. पुढील दशकांत स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ते देण्याचे प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी केले, ते ही मर्यादा ओलांडण्यासाठीच.

मग हा शोध विफल म्हणावयाचा काय? तसे म्हणता येणार नाही. त्याच प्रयोगशाळेतून पुढे ‘ऑरिओफंजिन’ निघाले आणि ते पिकांवरील बुरशीरोगांवर उपयोगी पडले. शोध लागतो प्रयोगशाळेत, पण औषध ठरते रोग्याच्या देहात. या दोहोंमधील वाट किती लांब असते, हे पिंपरीच्या शास्त्रज्ञांनी ती स्वतः चालून जाणले. उसनी विद्या गिरवणाऱ्या देशाला हे ज्ञान आयते मिळत नाही.