जिभेचा नकाशा आणि चिमटीतलं नाक

सर्दी झाली की आपण म्हणतो, ‘तोंडाला चव नाही.’ खरं तर जीभ ठणठणीत असते. बंद पडलेलं असतं नाक. हे प्रयोगाने दाखवलं गेलं त्याला दोनशे वर्षं झाली. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ चरबी आणि साबण यांवरच्या कामासाठी प्रसिद्ध. १८२४ मध्ये त्याने एक साधी युक्ती वापरली. पदार्थ तोंडात घ्यायचा आणि नाक चिमटीत धरायचं. जे नाहीसं होतं ते नाकाचं, उरतं ते जिभेचं. उरलेल्यातूनही त्याने स्पर्श आणि चव वेगळी काढली.

असं का होतं? घास चावताना सुटणारा वास पडजिभेमागून वर नाकात चढतो. मेंदू मात्र तो तोंडातच आहे असं समजतो.

इतका बिनखर्चाचा प्रयोग! पण शाळेच्या पुस्तकांत रुजली ती दुसरीच गोष्ट, जिभेचा नकाशा. शेंड्याला गोड, मागे कडू वगैरे. १९०१ मध्ये जर्मनीत हेनिग यांनी जिभेच्या कडेवर कोणती चव किती विरळ द्रावणात कळते हे मोजलं होतं. फरक मिळाले, पण थोडेच. १९४२ मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात त्यांचा आलेख दिला. फरक किती लहान आहेत, हे त्यावरून कळत नव्हतं. मग ‘इथे कमी’चं ‘इथे नाहीच’ व्हायला कितीसा वेळ! १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजून फरक किरकोळ असल्याचं दाखवलं. आकृती छापली जातच राहिली.

मीही ती रंगीत खडूंनी फळ्यावर काढली आहे. ‘मला मागेसुद्धा गोड लागतंय,’ असं एक मुलगी म्हणाली, तेव्हा मी तिला ‘नीट बघ’ म्हणून खाली बसवलं. नीट तिनेच पाहिलं होतं.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत अनेकजण ‘चव गेली’ म्हणू लागले. काहींची खरोखर गेली होती. पण पुष्कळांना मीठ, साखर, लिंबू ओळखता येत होतं. गेला होता तो वास.

वर्गात करून पाहायचं तर साखरेत वेलचीची पूड मिसळा. मुलांना डोळे मिटून, नाक दाबून चिमूटभर जिभेवर ठेवू द्या. गोडी कळेल, फार तर किंचित गारवा. काय खाल्लं ते वहीत लिहून झालं, की मग नाक सोडायला सांगा.