जंतुभक्षकाची राजनीति

वांद्रे-अंधेरीच्या जुन्या वस्त्यांतून हिंडतांना गल्लीच्या तोंडाशीं लहानमोठे क्रूस आढळतात. त्यांतील कित्येक प्लेगच्या वर्षांत, रोग आपल्या वाडीपासून दूर राहावा म्हणून, लोकांनीं उभारलेले आहेत. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला आणि शहर सोडून माणसांचे लोंढे बाहेर पडले. त्याच धामधुमींत हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली. १९२५ पासून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्याच १८९६ सालीं आपल्या देशांत आणखी एक गोष्ट घडली. तिचा धागा पुढें परळपर्यंत व तेथून फार दूरवर गेला. तो आज वाचकांपुढें उलगडावयाचा आहे.

आग्र्याचे रासायनिक परीक्षक हँकिन यांस असें आढळलें कीं, यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यांत पटकीचे जंतु कांहीं तासांतच मरतात. तेंच पाणी उकळलें म्हणजे त्याचा हा गुण नाहींसा होतो. खरें कारण त्यांस उमगलें नाहीं. पुढें १९१५ त लंडनला ट्वॉर्ट यांस व १९१७ त पॅरिसला देरेल यांस जंतूंचा फडशा पाडणारें एक अतिसूक्ष्म तत्त्व सांपडलें. देरेल यांनीं त्यास 'बॅक्टेरिओफेज', म्हणजे जंतुभक्षक, हें नांव दिलें. हँकिन यांच्या पाण्यांतही हाच भक्षक असावा, असा तर्क मग निघाला.

१९२५ त देरेल यांनीं अलेक्झांड्रिया येथें प्लेगच्या चार रोग्यांस हा भक्षक टोंचला व चौघेही वांचले. त्यानंतर त्यांस हिंदुस्थानांत पाचारण झालें. परळच्या प्रयोगशाळेंत प्लेगवर व पंजाबांत पटकीवर या उपायाची परीक्षा झाली. आसामांत मॉरिसन यांनीं नौगांव भागांत भक्षक वाटला व तुलनेसाठीं हबीगंज भाग तसाच ठेवला. परंतु निष्कर्षांविषयीं वाद मिटला नाहीं. तोंच सल्फा औषधें व पेनिसिलिन आलीं आणि आपल्याकडे हा विषय मागें पडला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जो प्रश्न विचारला गेला तो एवढाच : रोगी बरा होतो कीं नाहीं? दाराशीं मृत्यु उभा असतां वैद्यानें दुसरा प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. पण दुसरा प्रश्न होताच. हा भक्षक जंतूच्या पोटांत शिरून करतो तरी काय?

त्याचें उत्तर बहुतांशीं अमेरिकेंत मिळालें. १९५२ त हर्शी व मार्था चेस यांनीं दाखविलें कीं, विषाणूचें प्रथिनाचें कवच बाहेरच राहतें. आंत शिरतो तो मुख्यतः त्याचा डी. एन. ए. आंत शिरल्यावर त्याचें वर्तन एखाद्या मुरब्बी सरदारासारखें असतें. किल्ला सर झाल्यावर असा सरदार कोठारें जाळीत नाहीं. कारकून व कारखाने तो जसेच्या तसे ठेवतो. मात्र जुनें दप्तर फाडतो आणि आपल्या शिक्क्याचे हुकूम सुरू करतो. कोहेन यांस टी-२ या भक्षकाच्या बाबतींत हेंच दिसलें होतें. लागण होतांच जंतूंतील आर. एन. ए. ची वाढ थांबते. डी. एन. ए. ची वाढही कांहीं मिनिटें थबकते, व मग पूर्वीपेक्षां अधिक वेगानें सुरू होते. पण आतां बनतो तो विषाणूचा डी. एन. ए.! त्यांत सायटोसीन या घटकाच्या जागीं त्याचाच किंचित् बदललेला प्रकार असतो, हें वायट व कोहेन यांस १९५२ त आढळलें. हाच नव्या किल्लेदाराचा शिक्का. तो ज्यावर नाहीं असा जंतूचा डी. एन. ए. विषाणु तोडून टाकतो, आणि त्या तुकड्यांच्या मालांतून स्वतःच्या प्रती रचतो. हा बदल घडविणारें एन्झाइम लागण झालेल्या जंतूंतच असतें, निरोगी जंतूंत नसतें, हें १९५७ त फ्लॅक्स व कोहेन यांनीं सिद्ध केलें.

पण हुकूम दप्तरांतून कारखान्यांत पोंचतो कसा? १९५६ त व्होल्किन व अ‍ॅस्ट्राखान यांस लागण झालेल्या जंतूंत झपाट्यानें बनणारा व मोडणारा थोडासा आर. एन. ए. दिसला, त्याची घटना विषाणूच्या डी. एन. ए. शीं जुळत होती. १९६१ त ब्रेनर, जेकब व मेसेल्सन यांनीं त्याचा उलगडा केला. प्रथिनें घडविणारे रायबोसोम जुनेच राहतात. त्यांवर येऊन बसतो तो विषाणूचा नवा आर. एन. ए., म्हणजे हुकुमाचा कागद. असा संदेशवाहक आर. एन. ए. आपल्या देहांतील पेशींतही असतो. शत्रूनें घर बळकावलें, तेव्हां कोठें घरचा कारभार कसा चालतो हें आपणांस कळलें!

या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग काय, असें कोणी विचारील. टी-७ नांवाचा भक्षक आर. एन. ए. लिहिणारें स्वतःचें एन्झाइम जंतूकडून करवून घेतो. करोनाच्या सांथींत ज्या आर. एन. ए. लशी जगभर गेल्या, त्यांतील आर. एन. ए. प्रयोगशाळेंत रचण्यास याच एन्झाइमची लेखणी कामीं आली. त्या जातीची पहिली भारतीय लस पुण्यांत तयार झाली व जून २०२२ मध्यें तिला परवानगी मिळाली. परळच्या लशीपासून पुण्याच्या लशीपर्यंत सव्वाशें वर्षें लोटलीं. आज अनेक जंतु पेनिसिलिनादि औषधांस दाद देत नाहींत, म्हणून भक्षकाच्या उपचाराकडे वैद्य पुन्हां वळूं लागले आहेत. या वेळीं तरी आपल्या प्रयोगशाळांनीं दोन्ही प्रश्न बरोबरच विचारावे. कारण पहिल्याचें उत्तर एका रोग्याच्या कामीं येतें, तर दुसऱ्याचें पुढच्या पिढ्यांच्या.