रुंदी न सांगणारें चित्र

१९८४ सालीं ॲपलच्या मॅकिंटॉश यंत्राबरोबर बिल ॲट्किन्सन यांचा 'मॅकपेंट' हा चित्रलेखनाचा प्रोग्रॅम आला. त्याचें चित्र ५७६ ठिपके रुंद, ७२० उंच. ठिपका काळा किंवा पांढरा, तिसरा रंग नाहीं. हाशिगुची गोयो यांच्या ठसाचित्रावरून सुसान केअर यांनीं काढलेली केंस विंचरणारी जपानी स्त्री हा त्याचा प्रसिद्ध नमुना.

मौज अशी, कीं ही लांबीरुंदी फाइलींत कोठेंच लिहिलेली नसते! आरंभींचे ५१२ बाइट वगळून, दाबून लिहिलेली प्रत्येक ओळ ७२ बाइटांची उलगडावी लागते. तो आकडा चुकला, कीं स्त्रीचे केंस तिरकस रेघोट्या होऊन वाहूं लागतात. कांहीं प्रतींना तर प्रवासांत आणखी १२८ बाइटांचा मथळा चिकटला. तेव्हां आधीं ही ओळखीची स्त्री नीट उमटवावी, मगच अनोळखी चित्रांना हात घालावा.