दिव्याची पोचपावती

घरातले दिवे, पंखे आणि गीझर संगणकाच्या हाती सोपवायचा विषय निघाला, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : उठून बटण दाबायला असे कितीसे कष्ट पडतात? प्रश्न रास्त आहे. एका बटणासाठी एवढा खटाटोप खरोखरच परवडत नाही. पण बटण दाबणारा माणूस नकळत दोन कामे करत असतो. तो आज्ञा देतो, आणि दिवा लागल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. माणसाच्या जागी यंत्र आणले की पहिले काम चटकन जमते. दुसऱ्या कामाने मात्र भल्याभल्यांना अर्धशतकभर गुंतवून ठेवले आहे. या विषयाची खरी गोडी तिथे आहे, आणि वाचकांनी तिथूनच आत शिरावे, असे मला वाटते.

सुरुवात एका हौशी माणसाने केली. वेस्टिंगहाऊस कंपनीतले अभियंते जिम सदरलंड यांनी 1966 च्या सुमारास पिट्सबर्गमधल्या आपल्या घरी, शिल्लक पडलेल्या सुट्या भागांतून ‘एको-4’ हा संगणक उभारला. घरातली घड्याळे आणि टीव्ही त्याच्या ताब्यात होते. नवलाची गोष्ट खरी, पण शेजाऱ्याने आपल्या घरी करून पाहावी अशी नव्हे. सामान्य घरांपर्यंत हा विषय नेला तो स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने. 1975 मध्ये त्यांनी ‘एक्स-10’ ही पद्धत बेतली आणि काही वर्षांतच तिची उपकरणे अमेरिकेतल्या रेडिओ शॅकसारख्या दुकानांत मिळू लागली.

तिच्यातली युक्ती जरा थांबून पाहण्याजोगी आहे. भिंत फोडून नवी वायर टाकायची नाही; जी वायर दिव्याला वीज पुरवते, तिच्यावरूनच निरोप धाडायचा. अमेरिकेतला वीजप्रवाह सेकंदाला 120 वेळा दिशा बदलतो आणि दर वेळी व्होल्टेज क्षणभर शून्यावर येते. नेमक्या त्या शांत क्षणी 120 किलोहर्ट्झचा, एक मिलिसेकंदाचा ठोका वायरवर सोडला जाई. आधी ठोका आणि मग शांतता म्हणजे एक. आधी शांतता आणि मग ठोका म्हणजे शून्य. प्रत्येक उपकरणावर दोन चकत्या असत, एकीवर ए ते पी ही अक्षरे आणि दुसरीवर 1 ते 16 हे आकडे. म्हणजे एकूण 256 पत्ते. आधी पत्ता, मग आज्ञा, आणि खात्रीसाठी दोन्ही दोनदा. एवढे होईपर्यंत पाऊण सेकंद उलटून जाई.

पुढे ऐंशीच्या दशकात घरगुती संगणकाला केबलने जोडायची एक पेटी आली. वेळापत्रक त्या पेटीत एकदा भरले, की संगणक बंद करून ठेवला तरी चाले. दिवे ठरल्या वेळी लागत. निदान तशी अपेक्षा असे! कारण मूळ एक्स-10 ची आज्ञा साध्या टपालाने टाकलेल्या पत्रासारखी होती. पोहोचली की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नसे. टीव्हीचा किंवा संगणकाचा वीजपुरवठा तो ठोका गिळून टाकी. अमेरिकी घरातले निम्मे प्लग एका बाजूच्या वायरवर, निम्मे दुसऱ्या बाजूच्या. एकीकडचा निरोप दुसरीकडे धड पोहोचत नसे. कधी मात्र तो नको इतका दूर जाई, आणि एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याचा दिवा लागे. म्हणून माझी शिफारस अशी : अभ्यासाची सुरुवात एक्स-10 पासून करा, खरेदीची नको. कोणते दुखणे कुठून येते, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी पद्धत नाही.

झेड-वेव्ह आणि झिगबी या नंतरच्या पद्धती रेडिओलहरींवर चालतात आणि निरोप मिळाल्याचे उलट कळवतात. 2013 मध्ये पाउलस स्खाउट्सेन यांनी सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली आज घराघरांतल्या लहान संगणकांवर चालते. तिच्यामागे असंख्य हौशी लोकांचे श्रम आहेत, आणि ते फुकट उपलब्ध आहेत याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला पोचपावतीचे मोल वेगळे सांगायला नको. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. मोबाईलवरून पंप सुरू करणाऱ्या शेतकऱ्याला विहिरीवर वीज आहे का आणि मोटर खरोखर चालू झाली का, हे घरबसल्या कळायला हवे असते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण याच गरजेतून घडले. विषय घराचा असला, तरी हे उदाहरण हाताशी ठेवावे.

आता तुमच्या घराकडे येऊ. भिंतीतल्या स्मार्ट स्विचला जागे राहायला बहुधा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे ती असतेच. नुसत्या बटणांच्या बोर्डात सापडेल याची खात्री नाही. आपल्याकडे 2 किलोवॅटचा गीझर 9 अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा 10 अँपिअरच्या स्वस्त रिलेवर तो रोज टाकणे शहाणपणाचे नाही. बोर्ड उघडायचा तर वायरमनला बोलवा. भिंतीवरचे बटण काढून टाकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिव्यासाठी फोन का शोधावा?

पहिला प्रयोग टेबललॅम्पवर करावा. तो संगणकावरून लावा, मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. काही उपकरणे वीज परतताच आपोआप सुरू होतात, काही बंदच राहतात, तर काही आधीची स्थिती लक्षात ठेवतात. दिवा काय करतो ते पाहा आणि संगणक काय सांगतो तेही पाहा. दोघांचे म्हणणे जुळत नसेल, तर गीझरकडे वळण्याआधी तेवढा हिशेब मिटवून घ्या.