गच्ची खचण्याआधी : सेऊल, २९ जून १९९५

मोठ्या इमारतीच्या एसीचं मेंटेनन्स करायला माणूस गच्चीवर जातो तेव्हा तो फिल्टर बघतो, पंख्याचा पट्टा बघतो, मोटरचा आवाज ऐकतो, कूलिंग टॉवरच्या टाकीतला गाळ काढतो. यंत्र ज्या स्लॅबवर उभं आहे तो स्लॅब तपासणं त्याच्या कामात धरलेलं नसतं. स्लॅब इंजिनिअरचा, यंत्र मेकॅनिकचं, अशी वाटणी झालेली असते. दक्षिण कोरियाच्या राजधानीत साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरमध्ये या वाटणीच्या मधल्या जागेत ५०२ माणसं मेली. त्या दिवसाचा घटनाक्रम पुन्हा मांडतोय, कारण तशी यंत्रं आज आपल्याही डोक्यावर आहेत.

आठ वर्षं आधी

सेऊलच्या सोचो भागात १९८७ मध्ये बांधकाम सुरू झालं. मूळ आराखडा चार मजली निवासी इमारतीचा होता. मालक ली जून यांनी मध्येच ठरवलं की इथं मॉल करायचा. सरकत्या जिन्यांसाठी कॉलम काढावे लागणार होते. ठेकेदाराने नकार दिला, तेव्हा ली यांनी त्याला बाजूला करून आपल्याच कंपनीकडून काम पुरं करून घेतलं. वर पाचवा मजला चढवला. तिथं आधी स्केटिंग रिंक होणार होती, मग उपाहारगृहं आली. कोरियन पद्धतीने जमिनीवर बसून जेवायचं म्हणून फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून काँक्रीट ओतलं. ते वजनही खालच्या कॉलमांवर आलं.

ही फ्लॅट स्लॅबची इमारत होती, म्हणजे बीम नाहीत, स्लॅब थेट कॉलमवर टेकलेला. अशा रचनेत सगळा भार कॉलमच्या माथ्याभोवतीच्या थोड्याशा काँक्रीटवर येतो. कॉलम बारीक असेल किंवा वरचं वजन फाजील असेल, तर ज्वारीच्या गरम भाकरीतून बोट आरपार जावं तसा कॉलम स्लॅबमधून वर घुसतो. इथं कॉलम ८० सेंटिमीटरचा हवा होता, तो ६० चा केला. सळया १६ हव्या होत्या, त्या ८ घातल्या. सरकत्या जिन्यांभोवती आग अडवणारे पडदे बसवायचे म्हणून काही कॉलम आणखी कापले. या बदलांना मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी लाच घेतली होती, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं.

या सगळ्याच्या वर, गच्चीवर, एसीची तीन अवजड युनिट बसली. त्यांचा भार गच्चीच्या क्षमतेच्या चौपट होता.

दोन वर्षं आधी

१९९३ मध्ये शेजारच्या रहिवाशांनी एसीच्या आवाजाची तक्रार केली. तक्रार रास्तच होती. युनिट गच्चीच्या दुसऱ्या बाजूला हलवायचं ठरलं. असं काम क्रेनने होतं. टाक्यांतलं पाणी काढायचं, युनिट उचलायचं आणि आधी हिशेब करून ठरवलेल्या जागी ठेवायचं. इथं क्रेन आलीच नाही. युनिटखाली रोलर घातले आणि ती गच्चीवरून ओढत नेली. कित्येक टनांचं एकेक धूड कॉलममधल्या पातळ स्लॅबवरून सरकत गेलं. व्यवस्थापनाला त्याच वेळी तडे दिसले होते. सर्वात मोठा घाव बसला तो पाचव्या मजल्यावरच्या ५-ई या कॉलमच्या माथ्याला.

माझ्या मते इमारतीचा शेवट त्या दिवशी सुरू झाला. पुढची दोन वर्षं यंत्र सुरू झालं की त्याची थरथर याच तड्यांत उतरायची. कंपन अडवायला यंत्राखाली स्प्रिंग किंवा जाड रबरी पॅड घालतात. पण स्लॅब फुटलेला असताना पॅडने फार काही साधत नाही.

दोन महिने आधी

एप्रिल १९९५. पाचव्या मजल्याच्या छताला तडे दिसू लागले. वरच्या मजल्यावरचा माल आणि काही दुकानं तळघरात हलवली, एवढाच उपाय झाला. माल हलवला याचा अर्थ भार जास्त झाल्याचं कुणाला तरी कळलं होतं. गच्चीवरच्या युनिटना मात्र कुणी हात लावला नाही.

२९ जून, सकाळ

गुरुवार. उन्हाळा, त्यामुळे एसी पूर्ण जोरावर, आणि दुकानात नेहमीपेक्षा जास्त गर्दी. पाचव्या मजल्यावरचे तडे एकाएकी वाढलेले कर्मचाऱ्यांना दिसले. व्यवस्थापनाने वरचा मजला बंद केला. खालचे मजले चालू राहिले.

दुपारी एकच्या सुमारास

वरच्या मजल्यांवरून मोठे धमाके ऐकू आले, एकामागून एक. खालच्या गिऱ्हाइकांनाही थरथर जाणवली आणि त्यांनी तशी तक्रार केली. तेव्हा एसी बंद करण्यात आला. तोवर फरशीतला तडा दहा सेंटिमीटर रुंद झाला होता. त्यात हात घालता आला असता.

त्या दिवसात घेतलेला यंत्राविषयीचा एकमेव निर्णय हा, आणि तो चुकीचा नव्हता. पण यंत्र बंद केल्याने त्याचं वजन कमी होत नाही. कंपन थांबलं. टाक्या, पाणी, पंखे, लोखंडी सांगाडे सगळं तुटत्या स्लॅबवर जिथल्या तिथं होतं. आता थांबवण्यासारखं यंत्र उरलं नव्हतं, फक्त माणसं बाहेर काढायची होती.

दुपार

बांधकामतज्ज्ञ बोलावले. त्यांनी वरवर पाहूनच सांगितलं की इमारत कोसळू शकते. संचालकांची तातडीची बैठक बसली. गिऱ्हाइकांना बाहेर काढावं, असं संचालकांनी सुचवलं. ली यांनी नकार दिला. कारण त्या दिवसाचा गल्ला.

या बैठकीवर थांबावंसं वाटतं. ज्या गोष्टी माहीत असायला हव्या होत्या त्या सगळ्या त्या खोलीत माहीत होत्या. तडे डोळ्यांनी पाहिलेले, धमाके कानांनी ऐकलेले, तज्ज्ञाचं मत तोंडी मिळालेलं. बाहेर काढा असं म्हणणारी माणसंही तिथंच बसलेली. त्यांच्यातल्या एकानेही खाली येऊन आगीची घंटा वाजवली असती, तर नोकरीवर आलं असतं, एवढंच. मालकाची परवानगी न घेता ती वाजवायची कुणाची छाती झाली नाही. ली स्वतः इमारत पडण्याआधी सुखरूप बाहेर पडले.

संध्याकाळी पाच

चौथ्या मजल्याचं छत खाली बसू लागलं. कर्मचाऱ्यांनी पाचव्या मजल्याकडे जायची वाट अडवली. तळमजल्यावर आणि तळघरातल्या दुकानांत खरेदी चालूच होती. इमारत जमिनीच्या वर पाच मजली आणि खाली चार.

पाच पन्नास

कडकड आवाज सुरू झाले. आता कर्मचाऱ्यांनी घंटा वाजवल्या आणि लोकांना बाहेर पिटाळायला सुरुवात केली. दुपारी एकला हेच करायला जवळपास पाच तास होते. आता हातात काही मिनिटं.

पाच बावन्नच्या सुमारास

गच्ची खचली. एसीची युनिट गच्ची फोडून पाचव्या मजल्यावर आली. पाचवा मजला आधीच जादा भाराखाली होता. कॉलम एकापाठोपाठ एक गेले आणि इमारतीची एक अख्खी विंग वीसेक सेकंदांत तळघरात जाऊन बसली. दीड हजाराहून जास्त माणसं आत अडकली.

नंतर

आधी गॅसगळतीचा संशय घेतला गेला, मग घातपाताचा. पण स्फोट झाला असता तर ढिगारा बाहेर फेकला गेला असता. इथं मजल्यावर मजला सरळ खाली बसला होता. तपास कॉलमांच्या जाडीपर्यंत, सळ्यांच्या संख्येपर्यंत आणि गच्चीवरून ओढलेल्या एसीपर्यंत गेला.

दोन दिवसांनी काही अधिकारी म्हणू लागले की आत आता कुणी जिवंत नसेल. शोध तरीही चालू राहिला. अकराव्या दिवशी एक तरुण जिवंत निघाला, मग एक तरुणी, आणि सतराव्या दिवशी एकोणीस वर्षांची आणखी एक मुलगी. ती शेवटची. एकूण ५०२ मृत, ९३७ जखमी.

ली जून यांना निष्काळजीपणाबद्दल साडेदहा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती साडेसात वर्षांवर आली. व्यवसाय सांभाळणाऱ्या मुलालाही तुरुंगवास झाला, लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही. जिथं मॉल होता तिथं आज उंच निवासी संकुल आहे.

पुण्या-मुंबईत, नागपुरात, पणजीत मॉल, रुग्णालयं, लग्नाची सभागृहं, ऑफिसच्या इमारती यांच्या गच्चीवर दर वर्षी नवी युनिट चढतात. जुनी हलवली जातात, शेजारी पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर येतो. तुम्ही अशा इमारतीच्या कमिटीवर असाल, तिथं मॅनेजर असाल किंवा एसीचं मेंटेनन्स घेत असाल, तर तीन गोष्टी करा. युनिट बसवण्याआधी किंवा एक फूटही सरकवण्याआधी पाणी भरलेलं वजन धरून स्लॅबचा हिशेब लेखी मागा. वर्षातून एकदा युनिटच्या बरोबर खालच्या मजल्यावरचं फॉल्स सिलिंग उघडून स्लॅबची खालची बाजू आणि कॉलमचा माथा टॉर्चने पाहा, कारण गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर तडे झाकतो. आणि इमारत रिकामी करायचा हुकूम मालकाला न विचारता कोण देणार, त्याचं नाव आजच कागदावर लिहा. तडा दिसलाच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन लेखी मत देईपर्यंत इमारतीत कुणालाही राहू देऊ नका.