सात विरुद्ध दोन

संघराज्य शिकवताना मी फळ्यावर तीन नावं लिहिते: केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया समवर्ती सूचीत, एवढं मुलं पाठ करतात. आरोपीचा निवाडा कोणी करायचा, हा प्रश्नही एकेकाळी केंद्र आणि प्रांत यांच्यात वाटलेला होता, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं.

१८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होती. पण सत्र न्यायालयात ज्यूरी कोणत्या जिल्ह्यात बसवायची, हे प्रांतिक सरकार राजपत्रातून ठरवी. बाकी ठिकाणी असेसर असत आणि त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. आमचा वर्धा जिल्हा जागचा हलला नाही, तरी १९५६ला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात आला. सरकार बदललं की हा अधिकारही दुसऱ्या हातात गेला.

ज्यूरी मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असंही नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयात १८९७ला टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. १९०८ला सरकारने खास ज्यूरी मागितली. मराठी न जाणणारे युरोपियनच तीत जास्त येतील, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप टिकला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. ‘केसरी’तले मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले. टिळकांनी स्वतः बाजू मांडली, भाषांतरातल्या शब्दाशब्दावर हरकत घेतली. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. दोन भाषा शिकवणारी मी. एका शब्दाने वाक्याचा सूर कसा फिरतो, हे रोज पाहते.

उलट टोक १९५९चं. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. वर्तमानपत्रांनी आधीच नानावटींना नायक केलं होतं. न्यायाधीशांनी निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली. पुढे १९७३च्या संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

आजही कुणी म्हणतं, ‘लोकांनाच निवाडा करू द्या.’ अल्पसंख्याक घरातली मी विचारते: त्या लोकांची यादी कोण करणार? आणि आरोपीची भाषा त्यांतल्या कितींना कळणार?